स्प्रिंट दोन आठवड्यांचा, रिलीज तीन महिन्यांनी: याला अ‍ॅजाइल म्हणायचं का?

पायवाट

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय मांडतेय. इथे डेव्हलपर, टेस्टर, मॅनेजर असे सगळेच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमची टीम ९ जणांची. स्क्रम ही अ‍ॅजाइलची, म्हणजे थोडं थोडं बनवून वापरणाऱ्याकडून शिकत पुढे जाण्याच्या विचाराची, एक पद्धत. त्यात जे जे असावं ते सगळं आमच्याकडे आहे. दोन आठवड्यांचा स्प्रिंट (कामाचा ठरावीक टप्पा), रोजचं स्टँड-अप (छोटी बैठक), प्लॅनिंग, रिव्ह्यू (झालेलं काम दाखवणं), रेट्रो (काम कसं केलं याचा आढावा). कामांचा बोर्ड कायम अद्ययावत असतो, पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाज) दिल्याशिवाय एकही तिकीट (कामाची नोंद) स्प्रिंटमध्ये जात नाही. पण स्प्रिंटमध्ये 'डन' झालेलं काम वापरणाऱ्यापर्यंत पोहोचतं तीन महिन्यांनी, कारण रिलीज तिमाही आहे. तोवर कोड वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे मुख्य कोडपासून वेगळ्या प्रतीवर, पडून असतो. रिलीजच्या आधीचे तीन आठवडे रिग्रेशन टेस्टिंगमध्ये (आधीचं काही बिघडलं नाही ना, या तपासणीत) जातात आणि तेवढ्या काळात नवीन काम जवळजवळ थांबतं.

याचा फटका कसा बसतो ते सांगते. मागच्या तिमाहीत आम्ही रिपोर्टिंगचं मॉड्यूल केलं. दर रिव्ह्यूला डेमो झाला, सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर लक्षात आलं की ज्या आलेखांवर सगळ्यात जास्त मेहनत घेतली ते फारसं कुणी उघडतच नाही. लोकांना तेच आकडे एक्सेलमध्ये उतरवून हवे होते, आणि नेमकं ते बटण 'पुढच्या तिमाहीत बघू' म्हणून बाजूला ठेवलेलं होतं. रिव्ह्यूला बसणाऱ्यांपैकी एकही जण तो रिपोर्ट रोज वापरणारा नव्हता.

दुसरी गोष्ट व्हेलॉसिटीची, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये पूर्ण होणाऱ्या पॉइंटच्या आकड्याची. दर तिमाहीला ती थोडी तरी वाढली पाहिजे अशी वरून अपेक्षा असते. ती वाढतेही, कारण पूर्वी तीन पॉइंटची असलेली स्टोरी (यादीतलं एक काम) आता पाचची होते.

स्क्रम सोडून कानबान (एका वेळी सुरू असलेल्या कामांवर मर्यादा घालून चालायची पद्धत) घ्यावं असा टीममध्ये एक सूर आहे. मोठ्या संस्थांसाठीची सेफची चौकट आणावी असा वरून दुसरा. मला दोन्हींत मूळ मुद्दा निसटतोय असं वाटतं. सुरुवात कुठून करावी?

चौथी_मिती

मूळ मुद्दा निसटतोय हे अगदी बरोबर. तो मुद्दा असा की काहीतरी बनवणं आणि ते बरोबर होतं की नाही हे कळणं, यांतलं अंतर कमी करायचं. बाकी सगळी व्यवस्था त्यासाठी आहे.

२००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी अ‍ॅजाइल जाहीरनामा लिहिला. त्यात चार मूल्यं आणि त्याला जोडून १२ तत्त्वं आहेत. स्प्रिंट, स्टँड-अप, स्टोरी पॉइंट यांतलं काहीही त्यात नाही. आहे ते असं, की चालणारं सॉफ्टवेअर वारंवार द्या, दोनेक आठवड्यांपासून दोनेक महिन्यांपर्यंतच्या अंतराने, आणि त्यातही कमी अंतर बरं. म्हणजे तिमाही रिलीज २००१ सालच्या सगळ्यात सैल मर्यादेतही बसत नाही! आणखी एक तत्त्व म्हणतं की प्रगतीचं मुख्य मोजमाप म्हणजे चालणारं सॉफ्टवेअर. ब्रँचवर पडलेला कोड त्यात धरता येणार नाही.

टप्प्याटप्प्याने बनवत शिकत जाण्याची कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नासाच्या मर्क्युरी प्रकल्पाचं सॉफ्टवेअर अर्ध्या दिवसाच्या आवर्तनांत लिहिलं जात होतं, आणि चाचण्या कोडच्या आधी लिहीत. विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा निबंध तर उलट कारणासाठी प्रसिद्ध झाला. विश्लेषण, रचना, कोडिंग, चाचणी अशी एकाखाली एक पायऱ्यांची आकृती त्यात आहे, आणि वॉटरफॉलचा उगम म्हणून तीच दाखवली जाते. पण त्याच आकृतीखाली रॉइस लिहितात की असं राबवणं धोक्याचं आहे आणि अपयशाला आमंत्रण आहे. चाचणी शेवटी येते, तिथे काही मोठं चुकलेलं सापडलं की रचनाच बदलावी लागते, आणि मग वेळ व खर्च दुप्पट होऊ शकतो. तुमचे शेवटचे तीन आठवडे हेच आहेत. मधे स्प्रिंटच्या रेषा आखल्या म्हणून ते बदलत नाही.

टेस्टची_बाजू

मी टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळे माझं लक्ष तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या एकाच वाक्यावर गेलं: रिग्रेशनला तीन आठवडे.

रिलीज तिमाही का आहे, हे विचारून बघा. बहुतेक ठिकाणी उत्तर असं येतं की प्रत्येक रिलीजला तीन आठवडे तपासणी लागते, मग दर महिन्याला ती कशी परवडणार? आणि तपासणीला तीन आठवडे का लागतात? कारण तीन महिन्यांचे बदल एकदम तपासायचे असतात. दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून बसल्या आहेत. यांतली एक सोडवल्याशिवाय स्क्रम, कानबान, सेफ, काहीही आणा, वेळ तेवढाच लागणार.

एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या दुसऱ्या अ‍ॅजाइल पद्धतीत याचं उत्तर पहिल्यापासून आहे. केंट बेक यांनी १९९० च्या दशकात क्रायस्लरच्या पगारप्रणालीच्या प्रकल्पावर या पद्धती एकत्र आणल्या. दिवसातून अनेकदा सगळ्यांचा कोड एकत्र करायचा, आधी टेस्ट लिहायची, जोडीने प्रोग्रॅमिंग करायचं, रचना सतत सुधारत राहायची. पुढे स्क्रम सगळीकडे पसरलं. स्क्रमची चौकट मुद्दाम हलकी ठेवलेली आहे, कोड कसा लिहावा याबद्दल ती काही सांगत नाही. त्यामुळे अनेक कंपन्यांनी बैठका घेतल्या आणि इंजिनिअरिंग तिथेच सोडलं. मार्टिन फाउलर यांनी २००९ मध्येच यावर लिहिलं होतं. स्क्रम सुरू होतं, कोडची गुणवत्ता सांभाळली जात नाही, आणि थोड्याच काळात टीमचा वेग बसतो, कारण कोडबेसचा गुंता झालेला असतो. स्वतः जाहीरनाम्यावर सही केलेला माणूस हे सांगतोय.

आमच्या टीमची 'डेफिनिशन ऑफ डन' (काम पूर्ण केव्हा म्हणायचं याची यादी) आधी अशी होती: कोड लिहिला, रिव्ह्यू झाला, क्यूएने (टेस्टिंगवाल्यांनी) पाहिला. आम्ही त्यात दोन ओळी घातल्या. 'मुख्य ब्रँचमध्ये मर्ज झाला' आणि 'या बदलाची स्वयंचलित टेस्ट पाइपलाइनमध्ये (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासण्यांच्या साखळीत) चालते'. ते केल्यावर पहिल्या काही स्प्रिंटमध्ये 'डन'चा आकडा चांगलाच घसरला. त्यावर वरून प्रश्न आले आणि आमच्या लीडने ते शांतपणे झेलले. घसरलेला आकडा खरा होता, आधीच्या आकड्यात अर्धवट काम पूर्ण म्हणून मोजलेलं होतं. आज आमचं हाताने करायचं रिग्रेशन दोन दिवसांवर आलंय आणि रिलीज दर दोन आठवड्यांनी जातो. हे व्हायला वर्षाच्या वर लागलं, तेव्हा लगेच फरक दिसेल अशी आशा कुणाला दाखवू नका.

कोपऱ्यातला_मॉनिटर

वरच्या प्रतिसादाला +१. आमच्याकडे तर 'डन' आणि 'डन-डन' असे दोन वेगळे कॉलम आहेत!

उंबरठा

थोडी दुसरी बाजू मांडतो. मी डिलिव्हरी सांभाळतो, क्लायंटसमोर मला बसावं लागतं.

करार ठरलेल्या रकमेचा, तारीख ठरलेली, कामाची यादी जोडलेली. अशा वेळी 'आम्ही बदलाचं स्वागत करतो' म्हणणं म्हणजे टीमला रात्री जागवणं. क्लायंटला तारीख हवी असते आणि त्यात त्याची चूक नाही. त्याचंही बजेट आहे, त्यालाही कुणाला तरी उत्तर द्यायचं असतं. 'स्प्रिंटगणिक बघू' हे उत्तर त्याला चालत नाही. सुरुवातीला नीट अ‍ॅनालिसिस करून आराखडा आखला तर निम्मे बदल टळतात असा माझा अनुभव आहे. अ‍ॅजाइलच्या नावाखाली विचार न करता कोडिंग सुरू करणाऱ्या टीम मी पाहिल्या आहेत.

दुसरं, पॉइंट आणि व्हेलॉसिटी काढून टाकली तर 'केव्हा होणार' याचं उत्तर मी कशाच्या जोरावर देऊ?

चौथी_मिती

@उंबरठा, विचार न करता कोडिंग सुरू करण्याला मीही अ‍ॅजाइल म्हणणार नाही. जाहीरनाम्यातल्या मूल्यांखाली स्पष्ट लिहिलंय की उजवीकडच्या गोष्टींनाही, म्हणजे प्रक्रिया, दस्तऐवज, करार आणि आराखडा यांनाही मोल आहे, डावीकडच्यांना, म्हणजे माणसं, चालणारं सॉफ्टवेअर, ग्राहकाशी सहकार्य आणि बदलाला प्रतिसाद यांना, जास्त आहे. आराखडा हवाच. फक्त त्याच्याशी वास्तव जुळत नाहीसं झालं की तो बदलायची सोय हवी.

कराराबद्दल. तारीख आणि रक्कम बांधलेली असेल तर यादी तरी मोकळी ठेवावी लागते. तिन्ही बांधल्या की उरते ती गुणवत्ता, आणि मार तिला बसतो. स्क्रमच्या दोन निर्मात्यांपैकी एक, जेफ सदरलंड यांनी मांडलेला कराराचा एक प्रकार मला फार आवडतो. क्लायंटला यादीत नवीन काम घालायचं असेल तर तेवढ्याच आकाराचं, अजून हात न लावलेलं काम त्याने बाहेर काढावं, बदल फुकट. आणि पुरेसं मिळालं असं वाटलं तर मधेच थांबावं, उरलेल्या रकमेच्या २० टक्के देऊन. दोघांचाही फायदा. अट एकच: क्लायंटने प्रत्येक स्प्रिंटला टीमसोबत बसायचं. तो बसला नाही तर बदल फुकट नाहीत.

मोठ्या, करारात बांधलेल्या कामाचं एक खरं उदाहरण देतो. अमेरिकेच्या एफबीआयने तपासाच्या फाइली संगणकावर आणण्यासाठी 'व्हर्च्युअल केस फाइल' नावाची प्रणाली करायला घेतली आणि सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये सोडून दिली. मग 'सेंटिनल' आलं. २००६ मध्ये कंत्राट दिलं, चार टप्पे आखले. २०१० पर्यंत ४५ कोटी १० लाख डॉलरच्या अंदाजपत्रकातले सुमारे ४० कोटी ५० लाख खर्च झाले होते आणि चारपैकी दोनच टप्पे हातात होते. तेव्हा एफबीआयने काम स्वतःकडे घेतलं, टीम लहान केली, दोन आठवड्यांचे स्प्रिंट सुरू केले आणि जुलै २०१२ मध्ये प्रणाली सगळ्यांसाठी सुरू झाली.

तीही ठरल्या वेळी झाली नाही, हेही सांगायला हवं. २०११ मध्ये प्रत्यक्ष वापरकर्त्यांना घेऊन चाचणी केली तेव्हा हार्डवेअर कमी पडतंय हे दिसलं आणि तारीख पुढे गेली. पण ते कळलं सुरू करण्याआधी, आणि दुरुस्त करता आलं. मला त्यातली हीच गोष्ट मोलाची वाटते.

शून्यप्रहर

व्हेलॉसिटीबद्दल माझे दोन शब्द. खरं तर दोनहून बरेच जास्त, कारण हा माझ्या अगदी जिव्हाळ्याचा विषय आहे.

एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगच्या सुरुवातीच्या टीममध्ये अंदाज 'आदर्श दिवसां'त देत, म्हणजे कुणी मधे त्रास दिला नाही तर किती दिवस लागतील. प्रत्यक्षात आदर्श एक दिवस म्हणजे साधारण तीन दिवस होत. मग मॅनेजर विचारणार, एका दिवसाच्या कामाला तीन दिवस कसे? तो घोळ टाळायला दिवसांचे पॉइंट केले. त्या टीममधले रॉन जेफ्रीज यांनी २०१९ मध्ये लिहिलं की पॉइंट कदाचित मीच शोधले असतील, आणि तसं असेल तर आता मला त्याचं वाईट वाटतं. अधिकृत स्क्रम गाइडमध्ये स्टोरी पॉइंट आणि व्हेलॉसिटी हे शब्दच नाहीत, हेही अनेकांना माहीत नसतं. टीमने स्प्रिंटमध्ये किती काम घ्यावं, एवढ्या घरगुती उपयोगासाठी ती गोष्ट होती.

आता ती लक्ष्य बनली. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पतधोरणाच्या संदर्भात मांडलेलं निरीक्षण इथे तंतोतंत लागू पडतं: एखाद्या मोजमापावर नियंत्रणासाठी दाब दिला की त्याचा भरवसा उरत नाही. @पायवाट, तुमच्याकडे तीनची स्टोरी पाचची झाली, त्यात टीमचा खोटेपणा नाही. आकडा वाढवा म्हटलं, आकडा वाढला.

@उंबरठा, 'केव्हा होणार' याचं उत्तर पॉइंटशिवाय देता येतं, आणि माझ्या मते जास्त चांगलं देता येतं. मागच्या दहा-बारा आठवड्यांत दर आठवड्याला किती तिकिटं खरोखर पूर्ण झाली तेवढं काढा. समजा ४, ७, ३, ६, ५, २, ८... असे आकडे आले. उरलेली तिकिटं ४०. आता संगणकाला सांगा, या आकड्यांतून चिठ्ठ्या उचलल्यासारखा एकेक आकडा उचल, तोच आकडा पुन्हा आला तरी चालेल, बेरीज ४० होईपर्यंत किती आठवडे लागले ते मोज, आणि हे हजारो वेळा कर. हाती येतं ते असं: 'या तारखेपर्यंत होण्याची शक्यता ५० टक्के, त्या तारखेपर्यंत ८५ टक्के'. क्लायंटला ८५ टक्केवाली तारीख द्या आणि दर आठवड्याला नव्या आकड्यांनी गणित पुन्हा करा. नवीन तिकिटं किती येतात तेही त्यात धरा, नाहीतर उत्तर फार आशावादी येईल. स्प्रेडशीटमध्ये सहज होतं.

दुसरं गणित याहून सोपं आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम: रांगेत सरासरी असणारी कामं = कामं पूर्ण होण्याचा वेग × एका कामाला लागणारा सरासरी काळ. टीममध्ये एका वेळी १८ तिकिटं सुरू असतील आणि आठवड्याला ६ पूर्ण होत असतील तर एक तिकीट सरासरी ३ आठवडे आत राहणार. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये ते बसणारच नाही, कितीही मन लावून काम करा. तोच वेग टिकवून सुरू तिकिटं ९ वर आणली तर दीड आठवडा. म्हणून कानबानमध्ये प्रत्येक कॉलमला मर्यादा असते. बोर्डवर कॉलम आखले आणि मर्यादाच घातली नाही तर त्यातून काहीच बदलत नाही.

पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. शून्यप्रहर, तुमचं वाचून आमचा बोर्ड मोजला. 'इन प्रोग्रेस', 'कोड रिव्ह्यू' आणि 'क्यूए' मिळून आज २३ तिकिटं सुरू आहेत, माणसं ९. त्यातली ८ नुसती रिव्ह्यूची वाट बघत बसलीत. हे रोज स्टँड-अपला समोर असतं आणि कुणी त्याबद्दल बोलत नाही, कारण जो तो आपल्या तिकिटाबद्दल सांगत असतो.

आमचं प्रत्येक काम मोठं असतं, दोन आठवड्यांत वापरण्याजोगं काही होत नाही, असं टीमचं म्हणणं पडतं. त्यावर काय करता?

टेस्टची_बाजू

काम कापता कसं, यावर ते आहे. तुमच्या रिपोर्टचंच घेऊ. मला वाटतं तुमच्याकडे तिकिटं अशी पडली असतील: डेटाबेसचे टेबल, एपीआय (प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात तो दुवा), स्क्रीन, आलेख, परवानग्या. प्रत्येकावर वेगळा माणूस. पाचही होईपर्यंत वापरणाऱ्याला काहीही मिळत नाही, आणि पाचही जोडताना जो घोळ निघतो तो शेवटी निघतो.

आता उभं कापा. पहिलं तिकीट: एकाच प्रकारचा रिपोर्ट, फक्त चालू महिन्याचा, साध्या तक्त्यात, एकाच विभागाच्या लोकांना दिसेल असा. आलेख नाही, फिल्टर नाही, दिसायलाही साधा. पण डेटाबेसपासून स्क्रीनपर्यंत सगळं त्यात आलं, आणि रोज तो रिपोर्ट वापरणाऱ्या दोघा-तिघांना फीचर फ्लॅगच्या (ठरावीक लोकांपुरतीच सोय चालू करणाऱ्या बटणाच्या) मागून देता येतो. त्यांनी पहिल्याच दिवशी तक्ता निवडून एक्सेलमध्ये चिकटवला असता, आणि तुम्हाला कळलं असतं. दुसरं तिकीट आपोआप 'एक्सेलमध्ये उतरवा' झालं असतं, आलेख यादीत खाली गेले असते.

बाकी कापायच्या जागा शोधायला सोप्या आहेत. वेगवेगळे वापरकर्ते, वेगवेगळे नियम, नेहमीचा मार्ग आणि अपवादाचे मार्ग, आधी हाताने आणि मग स्वयंचलित. थरांनुसार कापणं तेवढं टाळा.

लोखंडी_ठोकळा

वाचतोय. एक शंका. मी वैद्यकीय उपकरणांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीचा कागद लागतो, रिलीजला नियामकांची मंजुरी लागते. दर दोन आठवड्यांनी रिलीज ही कल्पनाच करता येत नाही. मग आमच्यासाठी हे सगळं बाद का?

चौथी_मिती

अजिबात नाही. तुमच्याकडे आयईसी ६२३०४ हे मानक लागू असेल. ते कुठल्याही एका जीवनचक्राची सक्ती करत नाही, तसं त्यात म्हटलेलंच आहे. कोणत्या कृती व्हायला हव्यात आणि कोणत्या नोंदी राहायला हव्यात ते सांगतं. अमेरिकेतल्या एएएमआय या संस्थेने वैद्यकीय सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅजाइल कसं वापरावं यावर २०१२ मध्ये टीआयआर ४५ हा मार्गदर्शक अहवाल काढला. तो मिळवून वाचा.

रुग्णापर्यंत दर दोन आठवड्यांनी काही न्यायचं नाहीच. पण दर दोन आठवड्यांनी उपकरणावर चालणारी बिल्ड (सॉफ्टवेअरची तयार आवृत्ती) एखाद्या परिचारिकेच्या हातात प्रयोगशाळेत देता येते. धोक्याचं विश्लेषण आणि गरज ते चाचणी यांचा माग 'डेफिनिशन ऑफ डन'मध्ये घालता येतो, म्हणजे कागद शेवटी एकदम लिहावे लागत नाहीत. कागदांचा ढीग शेवटच्या महिन्यात लिहिणाऱ्या टीमपेक्षा अशा टीमच्या नोंदी खऱ्या असतात, हे मी जवळून पाहिलंय.

उंबरठा

शून्यप्रहर यांचं गणित करून पाहिलं, चालू प्रकल्पावर. ८५ टक्क्यांची तारीख आम्ही क्लायंटला दिलेल्या तारखेच्या दीड महिना पुढे निघाली. आता हे आत्ताच बोलावं लागेल. बरं झालं, शेवटच्या महिन्यात बोलण्यापेक्षा आत्ता यादीतून काय काढायचं ते ठरवता येईल.

माणसं वाढवण्याचा पर्याय लगेच पुढे येईल, त्याला मी स्वतःच विरोध करणार आहे. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रकल्पावर माणसं वाढवली की आणखी उशीर होतो. ९ जणांत ३६ जोड्या होतात, १२ जणांत ६६. तेवढं बोलणं वाढतं, शिवाय नव्यांना शिकवायला जुनीच माणसं लागतात.

सुरुवातीच्या अ‍ॅनालिसिसबद्दल मात्र माझं मत कायम आहे.

नवी_पालवी

मी या क्षेत्रात नवीन आहे, आत्ताच एका टीममध्ये लागले. आमचं स्टँड-अप पाऊण तास चालतं. प्रत्येक जण स्क्रम मास्टरकडे (स्क्रम नीट चालतंय का हे पाहणाऱ्याकडे) बघून काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय ते सांगतो. बाकीचे ऐकत नाहीत. मला यात बोलायचा अधिकार आहे का, आणि असला तर काय सुचवू?

शून्यप्रहर

आहे. रेट्रो त्यासाठीच असते, आणि नव्या माणसाला जे खटकतं ते जुन्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं, म्हणून तुमचं म्हणणं जास्त मोलाचं.

त्या तीन प्रश्नांची सक्ती आता स्क्रममध्येही नाही, २०२० च्या गाइडमधून ते काढून टाकले. वेळ १५ मिनिटं, आणि ती बैठक डेव्हलपरांची, एकमेकांसाठी. सुचवायचं असेल तर एवढंच सुचवा: माणसांऐवजी तिकिटं घ्यायची आणि बोर्डवर उजवीकडून सुरुवात करायची. जे पूर्ण व्हायच्या सगळ्यात जवळ आहे त्याला आज काय लागेल? रिव्ह्यूत अडकलंय तर कोण बघतंय? डावीकडच्या तिकिटांपर्यंत पोहोचलात नाही तरी बिघडत नाही. लीडकडे बघून आढावा देणं यात आपोआप थांबतं, कारण प्रश्न तिकिटाला असतो. @पायवाट, तुमच्या रिव्ह्यूत पडलेल्या ८ तिकिटांनाही हेच लागू.

पायवाट

हो, उद्यापासूनच करून बघतो आहोत. रिव्ह्यू कॉलमला ३ ची मर्यादा घालायची असं आज टीममध्ये ठरलं. ३ तिकिटं तिथे असतील तर नवीन काम उचलायचं नाही, आधी रिव्ह्यू करायचा. व्हेलॉसिटीच्या अहवालाबद्दल मी वर बोलणार आहे. त्याऐवजी काम सुरू झाल्यापासून वापरणाऱ्याच्या हातात पडेपर्यंतचे दिवस दाखवायचे, असा प्रस्ताव आहे. सध्या तो आकडा भयंकर येईल, पण येऊ दे.

एकच राहिलं. टेस्टची_बाजू, आमचा कोड जुना आहे, टेस्ट जवळजवळ नाहीत. पाइपलाइनमध्ये टेस्ट हवी म्हणायचं तर आधी कुठून हात घालायचा?

टेस्टची_बाजू

सगळ्या कोडला टेस्ट लिहायचा प्रकल्प काढू नका, तो मधेच सोडला जातो. बग-ट्रॅकर उघडा आणि मागच्या वर्षभरातले प्रॉडक्शनचे बग कुठल्या फाइलींत दुरुस्त झाले ते काढा. गिटच्या (कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाच्या) इतिहासातून कुठल्या फाइली सारख्या बदलतात तेही निघतं. दोन्ही याद्यांत असणाऱ्या फाइली थोड्याच निघतात. तिथून सुरुवात करा.

त्या कोडने काय करायला हवं याच्या वादात आधी पडू नका. आज तो जे करतो तेच टेस्टमध्ये नोंदवा: हे इनपुट दिलं की हे आउटपुट येतं, चुकीचं वाटलं तरी तसंच. मायकल फेदर्स यांनी याला कॅरेक्टरायझेशन टेस्ट म्हटलंय. आता बदल करताना वागणूक कुठे हलली ते लगेच दिसतं. आणि आजपासून जो बग येईल त्याची आधी नापास होणारी टेस्ट लिहायची, मग दुरुस्ती करायची, असा नियम करा.

तुमच्या रिग्रेशनच्या यादीतल्या कुठल्या केसेस सगळ्यात जास्त वेळ खातात ते इथे टाकलंत तर बघू, त्यातल्या काही एपीआयच्या पातळीवर नेता येतील का. स्क्रीनमधून चालणाऱ्या टेस्ट शक्य तेवढ्या कमी ठेवा. त्या हळू चालतात आणि कारण नसताना पडतात, मग लोक लाल, म्हणजे टेस्ट नापास झालेल्या, बिल्डकडे बघणंच सोडून देतात.